वजन वाढतं आणि पुन्हा घसरतं, ते का?

आदिवासी तालुक्यात नव्याने रुजू झालेल्या एका पर्यवेक्षिकाताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या बीटमध्ये, म्हणजे त्यांच्याकडच्या अंगणवाड्यांच्या गटात, गावातच काही आठवडे चालणाऱ्या ग्राम बाल विकास केंद्रात 9 सॅम (अतितीव्र कुपोषित) मुलं दाखल झाली, त्यातली 7 सुधारली आणि तीन महिन्यांत त्यातलीच 5 परत सॅममध्ये आली. त्या विचारतात: "टीएचआर (घरी न्यायचा आहार) घरोघरी जातो, अंगणवाडीत रोज शिजतं, मग असं का होतं? आईबापच लक्ष देत नाहीत का? एक देणगीदार प्रोटीन पावडरचे डबे द्यायला तयार आहेत, ते घेऊ का?"

ताई, आधी एक गोष्ट मनातून काढून टाका. 5 मुलं घसरली म्हणजे तुमचं केंद्र फसलं, असं समजू नका. केंद्र चालू होतं तेवढे दिवस कोणीतरी त्या मुलासमोर बसून त्याला दिवसातून पाच-सहा वेळा भरवत होतं, म्हणून ते वाढलं. केंद्र संपलं आणि भरवणारी आपल्या घरी गेली. धान्य होतं तिथेच राहिलं, पाकीट होतं तिथेच राहिलं, फक्त भरवणारे हात गेले. मी मेळघाटात, धारणी-चिखलदऱ्याच्या भागात, बालरोगतज्ज्ञ म्हणून बावीस वर्षं काढली. तुमचा प्रश्न मला तिथे दर दिवाळीनंतर पडायचा आणि उत्तर दरवेळी याच ठिकाणी येऊन थांबायचं.

उद्या रजिस्टर उघडा आणि त्या पाच मुलांची वयं महिन्यांत लिहून काढा. बहुतेक सगळी आठ ते वीस महिन्यांच्या मधली निघतील. हे मी तुमचं बीट न बघता सांगते आहे, कारण जगात जिथे जिथे गरिबी आहे तिथे मूल याच वयात घसरतं. सहा महिन्यांपर्यंत आईचं दूध पुरतं. दोन वर्षांनंतर मूल स्वतः चुलीजवळ जाऊन भाकरीचा तुकडा उचलतं. मधल्या दीड वर्षात त्याला दूध पुरत नाही आणि हाताने खाता येत नाही. आता आपली योजना बघा. गरम ताजा आहार तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी आहे आणि सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलाला घरी न्यायचं पाकीट मिळतं. म्हणजे ज्याला भरवायला माणूस हवं त्याला आपण पाकीट देतो, आणि ज्याला हाताने खाता येतं त्याच्यासमोर ताट ठेवतो. 2013च्या अन्नसुरक्षा कायद्यातल्या मूळ नियमाप्रमाणे पाकिटातून रोज 500 कॅलरी आणि 12 ते 15 ग्रॅम प्रथिनं जायला हवीत. कागदावर ती जातातही. प्रत्यक्षात ते पाकीट घरातल्या चौघा पोरांत वाटलं जातं, आणि चव आवडली नाही तर शेळीला जातं. शेळ्या मात्र चांगलं बाळसं धरतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

एकदा ऑक्टोबरमध्ये, सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत, मी एका घरी सकाळपासून रात्रीपर्यंत नुसती बसून राहिले होते. मूल चौदा महिन्यांचं, दोन वेळा केंद्रात येऊन गेलेलं. सात वाजता काळ्या चहात बुडवलेली पाव भाकरी. आठला आई सोंगणीला गेली आणि मूल आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर आलं. दहाच्या सुमारास पुड्यातली दोन बिस्किटं. बाराला बहीण त्याला घेऊन अंगणवाडीत गेली. तिथे खिचडी मिळाली, ती तिने आधी स्वतः खाल्ली. तिलाही भूक होती, ती काही वाईट पोरगी नव्हती. मधेमधे चार घास तिने भावाच्या तोंडात घातले, पाचव्याला त्याने तोंड फिरवलं, तिने ताट संपवलं. दुपारी मूल झोपलं. साडेसहाला आई आली आणि सकाळनंतर पहिल्यांदा अंगावर घेतलं. साडेआठला भात आणि वरणाचं पाणी झालं तोवर त्याचे डोळे मिटत होते, दोन घासांत ते झोपलं. दिवसभरात वरच्या अन्नाच्या 200 कॅलरीही पोटात गेल्या नसतील. बारा ते तेवीस महिन्यांच्या मुलाला दुधाखेरीज साधारण 550 लागतात. आजी मला म्हणाली, "त्याले भूकच नाई लागत, डॉक्टरबाई." त्या घरात धान्य होतं. कणगीत कुटकी होती, मका होता, डब्यात तूरडाळ होती. आई निष्काळजी नव्हती. ती सोंगणीला गेली नसती तर डाळ आणली असती कशातून?

म्हणून "आईबाप लक्ष देत नाहीत" हे वाक्य मी कुपोषणाच्या कारणांत लिहू देत नाही. आईला वेळ नाही, असं लिहा. तसं लिहिलं की पुढे काय करायचं ते सुचतं.

आता ताटात काय असतं ते बघू, कारण तिथे तुम्हाला लगेच हात घालता येईल. आपल्याकडे उष्टावण झालं की बाळाला काय देतात? पेज, वरणाचं पाणी, भाताचं पाणी. "पचायला हलकं." हलकं असतं, कारण त्यात काही नसतं. एक वाटी पातळ पेजेत तांदूळ जेमतेम एक मोठा चमचा, म्हणजे 40-50 कॅलरी. दहा महिन्यांच्या बाळाला वरच्या अन्नातून 300 हव्यात. म्हणजे सहा-सात वाट्या. त्याचं पोट एका वेळी किती घेतं? दर किलोला साधारण 30 मिली. सात किलोचं मूल असेल तर 210 मिली, दीड वाटीसुद्धा नाही. पेजेवर वाढवायचं तर त्याला दिवसभर पाजतच बसावं लागेल. त्याच वाटीत घट्ट खिचडी घाला: तांदळाच्या निम्मी डाळ, बोटांनी चांगली कुस्करलेली, वर एक छोटा चमचा तेल. दीडशेच्या आसपास कॅलरी होतात, दोन वाट्यांत दिवसाचं भागतं. तेलाच्या एका छोट्या चमच्यातच 45 कॅलरी आहेत. "लहान लेकराला तेल? खोकला होईल" असं सासू म्हणेलच. तिच्याशी वाद घालू नका, तिच्याच हाताने घालायला लावा.

घट्ट म्हणजे किती घट्ट, हे सेविकेला शब्दांत सांगून कळत नाही. चमचा भरा आणि आडवा करा. लगेच ओघळून पडलं तर पातळ, चमच्याला धरून राहिलं तर बरोबर. गृहभेटीला गेलं की आधी चमचा आडवा करायचा, मग बोलायचं. ही एवढी एक सवय सेविकेला लागली तर अर्ध्या प्रशिक्षणाचं काम होतं.

घट्ट दिलं की काही मुलं गिळत नाहीत, घशात अडकल्यासारखं करतात. त्यावरचा उपाय आपल्या आज्या-पणज्यांकडे होता: नाचणीचं सत्त्व. नाचणी भिजवून फडक्यात बांधून मोड आणायचे, वाळवायची, हलकी भाजून दळायची. मोड आल्यावर धान्यात एक विकर तयार होतं, अमायलेज. ते पिठाचा चिकटपणा तोडतं, त्यामुळे तेवढ्याच खिरीत जास्त पीठ मावतं आणि तरीही ती गिळता येते. बडोद्याला पोषणतज्ज्ञ तारा गोपालदास यांनी यावर पुष्कळ काम केलं. एक खुबी लक्षात ठेवा. खरपूस भाजलं की ते विकर मरतं. म्हणून थोडं पीठ न भाजलेलं वेगळं ठेवायचं, घट्ट खीर चुलीवरून उतरवून किंचित निवली की त्यातलं एक चमचा घालून ढवळायचं. डोळ्यांदेखत खीर सैल होते. मग परत एक उकळी द्यायची. मोडासाठी नाचणी किंवा गहू घ्या, ज्वारीचे मोड नकोत, त्यात विषारी द्रव्य असतं. बायकांच्या बैठकीत हे करून दाखवलं की सगळ्या पुढे सरकून भांड्यात डोकावतात. माझं कुठलंही भाषण त्यांनी एवढ्या मनापासून ऐकलेलं नाही.

आता पावडरचे डबे. घेऊ नका. देणगीदाराला दुखवायचं नसेल तर कसं टाळायचं ते पुढे सांगते, आधी कारण ऐका, कारण ही चूक जगाने एकदा मोठ्या प्रमाणावर करून पाहिली आहे. 1950 आणि 60च्या दशकांत संयुक्त राष्ट्रांपासून सगळे म्हणत होते की गरीब देशांत प्रथिनांचा तुटवडा आहे, तो भरा. माशांचं पीठ, शेंगदाण्याचं पीठ, काय काय निघालं. त्या गर्दीत आपले पां. वा. सुखात्मे वेगळं बोलत होते. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचा हा संख्याशास्त्रज्ञ तेव्हा रोममध्ये अन्न व कृषी संघटनेत होता. त्यांचा हिशोब असा की आपल्याकडे भात-डाळ किंवा भाकरी-डाळ खाणारा पोटभर जेवला तर प्रथिनं बहुतेक भागतात. तो पोटभर जेवत नाही, हे मूळ दुखणं. ऊर्जा कमी पडली की शरीर प्रथिनंच जाळतं, चूल पेटवायला घरातली खुर्ची मोडावी तसं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत सी. गोपालन आणि सहकाऱ्यांनी 1973 साली याला प्रयोगाचा आधार दिला. मुलांना रोज 310 कॅलरी जास्त दिल्या, त्यात प्रथिनं फक्त 3 ग्रॅम. मुलं वाढली. पुढच्याच वर्षी पोषणतज्ज्ञ मॅकलारेन यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात या सगळ्या प्रथिनप्रकरणाचा पंचनामा केला. (सुखात्म्यांचं नंतरचं म्हणणं, की माणसाचं शरीर कमी अन्नाशी जुळवून घेतं, मला पटत नाही. अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांनाही ते पटलं नव्हतं आणि पुण्यात तो वाद चांगलाच रंगला होता. पण प्रथिनांच्या बाबतीत सुखात्म्यांचं बरोबर होतं.)

याचा अर्थ प्रथिनं नकोत असा नाही. अंडं, दूध, मासळी यांतली प्रथिनं चांगल्या प्रतीची, आणि सोबत बाकीचं पुष्कळ काही येतं. इक्वेडोरमध्ये सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना सहा महिने रोज एक अंडं दिलं तर उंचीत ठळक फरक पडला. तसाच प्रयोग मलावीत केला तर पडला नाही. तिथल्या घरांत मासळी आधीपासूनच खाल्ली जात होती. म्हणून माझं मत: ज्या घरात मांस-मासळी क्वचित शिजते तिथे अंडं जरूर द्या, पण अंड्याला चमत्कार समजू नका. पावडरच्या एका डब्याच्या पैशात एका मुलाची महिन्याची अंडी सहज येतात.

आणि सूज असलेल्या मुलाला तर ती पावडर चुकूनही नको. इथे मला माझीच एक गोष्ट सांगावी लागेल. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी रात्री अकराला एक अडीच वर्षांचं मूल आलं. दोन्ही पायांवर सूज, अंगठा दाबला की खड्डा राहत होता, केस तांबूस, कातडी सोलवटलेली. सुजवटी. पुस्तकात वाचलेलं सगळं एका मुलात होतं. जुलाब होत होते, डोळे खोल गेलेले. मी सलाइन लावलं, नेहमीच्या वेगाने. नळीतून दूध आणि त्यात प्रथिनांची पावडर सुरू केली, रक्त कमी होतं म्हणून लोहाचं औषधही लिहिलं. पहाटे चारला त्याला धाप लागली आणि साडेपाचला ते गेलं. मला वाटलं, आजार फार पुढे गेला होता. पुढे दोन वर्षांनी एका प्रशिक्षणात बसले असताना कळलं की त्या रात्री मी जे जे केलं त्यातलं जवळजवळ सगळं उलटं होतं. अशा मुलाचं हृदय दुबळं असतं, सलाइनचा लोंढा त्याला झेपत नाही. यकृताला एकदम आलेली प्रथिनं पेलत नाहीत. लोह पहिल्या आठवड्यात द्यायचं नसतं, वजन वाढायला लागल्यावर द्यायचं. आधी रक्तातली साखर घसरू द्यायची नाही, अंग थंड पडू द्यायचं नाही, जंतुसंसर्ग दिसो न दिसो प्रतिजैविक द्यायचं, आणि दर दोन तासांनी थोडं थोडं एफ-75 हे उपचाराचं दूध पाजायचं, ज्याच्या 100 मिलीत 75 कॅलरी असतात आणि प्रथिनं मुद्दाम कमी ठेवलेली असतात. मुलाला भूक लागली, सूज ओसरायला लागली, की मग जास्त कॅलरींचं एफ-100. ते मूल वाचलंच असतं असं मी म्हणत नाही. पण मी त्याला वाचायची संधी दिली नाही.

म्हणून तुमच्या सेविकांना एवढं पक्कं शिकवा: दोन्ही पावलांवर तीन सेकंद अंगठा दाबून खड्डा राहिला, किंवा मुलाने खायलाच नकार दिला, किंवा सोबत ताप, धाप, जुलाब असले, तर ते मूल गावच्या केंद्राचं नाही. त्याला त्याच दिवशी रुग्णालयातल्या पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवायचं. दंडघेर 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी आहे पण मूल खेळतंय, मागून खातंय, तर ते गावात सुधारतं. सुकटीचं, हाडं-कातडी उरलेलं मूल पाहून आपण घाबरतो आणि सुजवटीचं मूल गुबगुबीत वाटतं. सूजलेल्या मुलाचं वजनही काट्यावर चांगलं दिसतं, त्यामुळे ते यादीतून निसटतं. सुजवटीचं वर्णन 1933 साली सिसिली विल्यम्स यांनी आजच्या घानामधून केलं आणि नाव तिथल्या गा भाषेतलं घेतलं: क्वाशिओरकॉर. अर्थ साधारण असा, की पाठचं भावंड आलं आणि ज्याची जागा गेली त्या मुलाला होणारा आजार. आपल्याकडेही गृहभेटीत पहिला प्रश्न हाच असू द्या: पाठी दिवस राहिलेत का?

परत तुमच्या पाच मुलांकडे येऊ. वय झालं, भरवणं झालं. तिसरी गोष्ट, ती मुलं मधल्या तीन महिन्यांत किती वेळा आजारी पडली? प्रत्येक जुलाबात आठ-दहा दिवस भूक मरते, आणि नेमकं तेव्हाच घरचे खाणं बंद करतात, पोटाला आराम म्हणून. पोट फुगलं की मेळघाटात भूमकाकडे, म्हणजे गावच्या मांत्रिक-वैदूकडे, नेऊन तापलेल्या विळ्याचे चटके, डंबा, देतात. त्यावर ओरडून मुलं लपवली जातात, एवढंच होतं. मी भूमकाच्या ओट्यावर जाऊन बसायला लागले तेव्हा कुठे त्याने दोन मुलं माझ्याकडे पाठवली. जुलाबात ओआरएस आणि 14 दिवस झिंक, सहा महिन्यांपुढे 20 मिलिग्रॅम, हे तुम्हाला माहीत आहेच. राहून जातं ते पुढचं: जुलाब थांबल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्त. आजारात गेलेलं वजन याच दोन आठवड्यांत भरून निघतं. तेव्हा भरलं नाही तर पुढचा आजार येतो आणि मूल एक पायरी खाली उतरतं.

त्याखाली अजून एक थर आहे. घाणीत रांगणाऱ्या मुलाच्या आतड्याला सतत बारीक सूज असते, जुलाब नसतानाही, आणि त्याने ते गळकं होतं. गांबियात 1990च्या सुमारास केलेल्या अभ्यासात मुलांची वाढ खुंटण्याचा 43 टक्के भाग आतड्याच्या या गळतीशी जुळला होता. त्यावरून सगळ्यांना वाटलं, संडास बांधा, हात धुवा, मुलं उंच होतील. मग बांगलादेश, केनिया आणि झिम्बाब्वेत मोठे प्रयोग झाले, 2018-19मध्ये निकाल आले, आणि संडास-पाणी-साबणाने उंचीत काहीही फरक पडला नव्हता. संडास नकोत असा याचा अर्थ काढू नका. कोंबड्या-शेळ्यांसोबत एकाच अंगणात रांगणाऱ्या मुलाला एका संडासाने आणि साबणाच्या वडीने सोडवता येत नाही, एवढाच काढा.

आणि जे मूल व्यवस्थित खाऊनही वाढत नाही, त्याला आणखी भरवत बसू नका, तपासायला पाठवा. क्षयरोग, सिकलसेल, मलेरिया. घरात आजोबा खोकतायत का, हे विचारायला सेविका लाजतात. लाजू नये. माझ्याकडे चार वेळा केंद्रात जाऊन आलेली एक मुलगी होती, क्षयाचं औषध सुरू झाल्यावर पाचव्यांदा तिला केंद्राची गरज पडली नाही.

चौथी गोष्ट तुमच्या हातात सगळ्यात कमी आहे, पण रजिस्टरमध्ये ती दिसायला हवी. त्या पाचांतली किती जन्मतःच अडीच किलोच्या आत होती? वैद्यकशास्त्रज्ञ व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी 1996 साली एक कोडं मांडलं होतं: दक्षिण आशियातली मुलं आफ्रिकेतल्या त्याहून गरीब मुलांपेक्षा जास्त कुपोषित का? त्यांचं उत्तर होतं, इथल्या बाईची घरातली पायरी. ती कमी खाऊन, शेवटी खाऊन गरोदर राहते आणि मूल जन्मतःच हलकं असतं. 2015 मधल्या एका अभ्यासात दिसलं की भारतात गरोदर राहण्याआधीच सुमारे 42 टक्के बायकांचं वजन कमी असतं, सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत ते प्रमाण 16-17 टक्के. अमृत आहार योजनेत 2015 पासून आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा बायकांना अंगणवाडीत एक वेळचं पूर्ण जेवण मिळतं. माझ्या मते आपल्या सगळ्या योजनांत ही सर्वांत शहाणी, कारण तिथे बाई स्वतः बसून जेवते. डबा घरी नेऊ देऊ नका. डबा घरी गेला की तो सासरा जेवतो.

देणगीदाराकडे आता येते. त्यांना सांगा, पावडर नको, सोंगणीच्या आणि तोडणीच्या हंगामात गावातल्या दोन बायकांची मजुरी द्या. एक ओसरी, आठ-दहा मुलं, सहा महिने ते तीन वर्षं, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, तीन वेळा घट्ट खिचडी, तेल, शेंगदाण्याचा कूट, अंडं. छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोगने अशा 'फुलवारी' चालवल्या आणि पुढे तिथल्या सरकारनेही ती कल्पना उचलली. झारखंड-ओडिशात अशाच पाळणाघरांचा अभ्यास झाला, त्यात मुलं सावरली. आई निश्चिंतपणे कामाला जाते आणि आठ वर्षांची बहीण शाळेत. डब्यावर देणगीदाराचं नाव येतं, ओसरीवर पण पाटी लावता येईल, तसं त्यांना सुचवा. माणसांना पाटी लागते.

ज्या घरात सगळेच होळीपर्यंत स्थलांतर करतात, तिथे यातलं काहीच चालत नाही. वीटभट्टीवर किंवा उसाच्या फडावर तुमचं बीट संपलेलं असतं. निघण्याआधी त्या घराचं कार्ड भरून, कुठे जाणार ते लिहून घेऊन, तिथल्या सेविकेला फोन करा. सगळीकडे जमत नाही, दहात तीनदा जमतं. आईला सोबत दोन किलो सत्त्व आणि कूट बांधून द्या.

वरिष्ठ तुम्हाला विचारतील, तीन महिन्यांत आकडे का हलले नाहीत. महाराष्ट्रात 2005-06 साली दोन वर्षांखालची 39 टक्के मुलं खुजी होती, 2012च्या राज्य सर्वेक्षणात हे प्रमाण 24च्या आसपास आलं. राज्याच्या कुपोषणविरोधी राजमाता जिजाऊ मिशनच्या त्या वर्षांत दोन वर्षांखालच्या मुलांवर नजर ठेवली गेली होती. नंतर 2019-21च्या पाहणीत पाच वर्षांखालची 35 टक्के मुलं खुजी निघाली. वयोगट वेगळा आहे, सरळ तुलना करू नका, पण नजर हलली हे खरं. ब्राझीलला 37 टक्क्यांवरून 7 टक्क्यांवर यायला तेहतीस वर्षं लागली, 1974 ते 2007. शेवटच्या दहा वर्षांतल्या घसरणीची कारणं तपासली तेव्हा आईचं शिक्षण आणि घराची खरेदीची ऐपत ही दोन सगळ्यांत वर होती. यातलं काही पर्यवेक्षिकेच्या पगारात बसत नाही.

तुमच्या पगारात बसणारी एक गोष्ट मात्र याच आठवड्यात करा. तुमच्या 9 मुलांची वजनं तुम्ही स्वतः परत घ्या. काटा रिकामा असताना शून्यावर येतो का बघा, मग एक किलोचं माप लावून बघा. मुलाच्या कमरेचा करगोटा आणि पायातले वाळे उतरवा. माझ्याकडे एका मुलाच्या वाळ्यांचंच वजन 180 ग्रॅम भरलं होतं, आणि तो महिनाभर 'सुधारला' होता कारण आजीने सणाला नवीन घातले होते. दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी झोपवूनच मोजा. उभं करून मोजली तर साधारण 0.7 सेंटिमीटर कमी भरते, आणि तेवढ्याने सॅमचं मूल मॅममध्ये (मध्यम कुपोषितांत) जातं. 5 मुलं खरंच परत घसरली की त्यातली दोन कधी सुधारलीच नव्हती, हे त्यातून कळेल. मग त्या पाचांची नावं सोडून बाकी सगळं मला कळवा: वय महिन्यांत, जन्माचं वजन, दुपारी कोण भरवतं, आणि चमचा आडवा केल्यावर काय झालं.